कांजिण्यांचा आठवडा

२ सप्टेंबर

वहिनी,

पत्र बघून घाबरू नको, कुणी मेलेलं नाही. फोनवर मी ओरडते आणि तू नुसती हं हं करतेस. तोही फोन तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातला, म्हणजे नणंद काय म्हणाली ते तुझ्याआधी गल्लीला कळतं. म्हणून लिहिते. शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर कोंबडीच्या पायांचं. लागेल तसं लाव.

या वर्षी तरी ठकीला घेऊन ये. दर वर्षी विचारते आणि दर वर्षी तू शाळा पुढे करतेस. तुमच्या शाळेची सुट्टी म्हणजे आमच्या हॉटेलचा सीझन. तेव्हा मी खाली धुलाईखोलीत असते, चादरींच्या डोंगराखाली, पाणी प्यायला वर यायची चोरी. मला मोकळा असा एकच आठवडा, सीझनच्या तोंडावरचा, खोल्या वापरून बघायचा. मागे सांगितलं होतं, पण तुझ्या एका कानातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. परत ऐक. हॉटेल बंद असलं की नळ गंजतात, पंखे अडकतात, पलंग कुरकुरायला लागतात. ते गिऱ्हाइकाच्या आधी आपल्याला कळावं म्हणून मालक आम्हा कामगारांनाच घरच्यांसकट वरच्या खोल्यांत राहायला लावतो. सगळे नळ सोडायचे, सगळी दारं आपटायची, गाद्यांवर लोळायचं आणि सकाळी मिस्त्रीला काय काय बिघडलंय ते सांगायचं. पोरांना तर पलंगावर नाचायची नोकरीच. सगळ्यांची पोरं व्हरांड्यात धुडगूस घालतात आणि माझ्या खोलीत मी एकटी. एका बाईनं किती पलंगांवर लोळायचं?

ठकी नऊ वर्षांची झाली आणि अजून समुद्र बघितला नाही. इथे खिडकी उघडली की समोर आहे. शाळा काय कुठे पळून जाते? शाळेला कांजिण्या झाल्या म्हणून कळव. ताप म्हटलं तर कुणीतरी बघायला येतं. कांजिण्या म्हटलं की उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची कुणाची छाती होत नाही. आमचा ठोंब्या, म्हणजे तुझा नवरा, नाही म्हणेल. खोटं बोलायचं म्हटलं की लहानपणापासून त्याचे कान लाल होतात. त्याला म्हणावं, ताईनं सांगितलंय.

पंधरा तारखेला या. मी स्टँडवर उभी असेन.

ताई


८ सप्टेंबर

ताई,

नमस्कार. तुमचं अक्षर अगदी व्यवस्थित लागलं.

हे आधी नाहीच म्हणाले. शाळेची बस चालवणाऱ्या माणसानं शाळेलाच फसवायचं, हे काही बरं दिसत नाही, म्हणाले. जेवण झाल्यावर "ताई एकटी असते" एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले. तो होकार असं मी धरलं.

वर्गबाईंना चिठ्ठी लिहून ठेवली आहे. आम्ही निघालो की हे नेऊन देतील. अंगभर फोड आले आहेत, असं लिहिताना मला ठकीच्या अंगाकडे बघवेना. ह्यांनाही विचारतील, तुम्ही स्वतः बघितलेत का म्हणून. बघितले, असं म्हणावं लागेल.

ठकीची वेगळीच कटकट चालू आहे. तिच्या बाकावर एक मुलगी बसते, सगळे तिला काडी म्हणतात. इतकी बारीक आहे, पण पळायला लागली की मोठ्या मुलांनासुद्धा सापडत नाही. खेळांच्या एका निवासी शाळेची माणसं नेमकी त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मुली निवडायला येणार आहेत. निवडली गेली तर राहणं, जेवण, शिक्षण सगळं त्यांच्याकडे. काडीची आई बेकरीत कामाला आहे आणि घरात त्या दोघीच. म्हणून काडीचा सगळा जीव त्या शर्यतीत आहे. आणि ठकीला मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडायचं होतं. मी म्हटलं, तुझ्या ओरडण्यानं ती जास्त जोरात पळणार आहे का?

पंधराला येतो. तुमच्यासाठी काय आणू?

तुमची
वहिनी


२६ सप्टेंबर

वहिनी,

पोचलीस का ते कळवायची पद्धत आहे. की समुद्र बघितला आणि नणंद विसरली?

तुम्ही गेलात आणि खोली खायला उठते. ठकीची एक मोजडी पलंगाखाली सापडली, पुढच्या खेपेपर्यंत माझ्याकडेच राहू दे. तिनं मिस्त्रीला सांगितलं होतं ना, कपाटाचा तिसरा खण आत कुणीतरी धरून ठेवल्यासारखा वाटतो म्हणून? मिस्त्री हसला होता. परवा उघडला तर आत लाकूड फुगून बसलेलं. म्हणतो, पोरीला ठेवून घ्या, माझ्यापेक्षा हिला कळतं. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा तर खणालासुद्धा कळतं.

आणि तू! तुला एवढं हसता येतं हे मला तुझ्या लग्नापासून ठाऊक नव्हतं. पदर खोचून पलंगावर उड्या मारत होतीस, मायलेकी दोघी. माझ्या भावानं कुणाशी लग्न केलंय ते मला आत्ता कळलं.

ठोंब्या काय म्हणतो? काही बोलला का? सहज विचारते. आणि शाळेत काय? सगळं ठीक असेलच. काही असलं तर आधी मला कळव, मनात ठेवून कुढत बसू नको.

इकडे सीझन सुरू झाला. हात सोलले.

ताई


१ ऑक्टोबर

ताई,

ठीक काही नाही.

आम्ही सोमवारी तुमच्याकडे आलो. त्याच दिवशी ह्यांनी चिठ्ठी दिली. शाळेनं लगेच ठकीच्या शेजारी बसणाऱ्या मुलींची चौकशी केली. काडीला कांजिण्या कधी झालेल्या नव्हत्या. म्हणून तिला दोन आठवडे घरी बसवलं, अंगावर काही उठतंय का ते बघायला. शुक्रवारची निवड तिच्याशिवाय झाली. दारात उभी राहून तिनं मैदानावरच्या शिट्ट्या ऐकल्या म्हणे, त्यांचं घर मैदानाच्या मागेच आहे.

हे रोज तिच्या दारावरून बस नेत होते. थांबायचं कारणच नव्हतं. तरी ब्रेकवर पाय जायचा, म्हणतात.

आता जे लिहिते ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू? हे म्हणतात, मंगळवारी मी हॉटेलवर फोन करून निरोप ठेवला होता. ठकीला घेऊन उद्याच निघ, तिला शाळेत उभी कर, कोरं अंग दाखव, घामोळं होतं म्हण, म्हणजे काडीला शुक्रवारी पळता येईल. बुधवारी संध्याकाळी आमची वाट बघत स्टँडवर थांबले होते म्हणे. मी आले नाही, तेव्हा त्यांना वाटलं, मला निरोप मिळाला आणि तरी मी समुद्रच धरून बसले. म्हणून आम्ही परत आल्यापासून माझ्याशी बोलत नव्हते. मी म्हटलं, मला कुणीही निरोप दिला नाही. तर म्हणाले, "मी काय खोटं बोलतो?" आणि बोलताना त्यांचे कान लालबुंद झाले होते, ताई. तुम्हीच लिहिलं होतंत.

स्वतः घाबरून गप्प बसले आणि आता फोनची गोष्ट रचतात, असं मला वाटतं. नसेल तर तुम्हीच सांगा. तिकडे फोन कुणी घेतला असेल?

वहिनी


६ ऑक्टोबर

वहिनी,

फोन काउंटरवर असतो. मी धुलाईखोलीत, तळघरात. तिथे मशीन चालू असलं की शेजारचा माणूस मेला तरी कळत नाही. आणि आमचा काउंटरवाला म्हणजे सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरतो. त्याला विचारून काही उपयोग नाही.

ठोंब्याशी भांडू नको. केला असेल फोन, नसेल केला. झालं ते झालं. एका पोरीची एक शर्यत चुकली म्हणून घराची शर्यत करायची का? पाय आहेत तिला, पुढच्या वर्षी पळेल. आणि शाळेनं इतका बाऊ कशाला करावा? आमच्या वेळी अख्ख्या वर्गाला कांजिण्या व्हायच्या, कुणी कुणाला घरी बसवत नव्हतं.

मला वेळ नाही. दोनशे अभ्रे पडलेत.

ताई


१५ ऑक्टोबर

ताई,

पुढच्या वर्षी काडीचं वय बसत नाही. दहाच्या आतल्याच मुली घेतात. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

परवा तिची आई आमच्याकडे आली. मला वाटलं, भांडायला आली. हातात गोड पावांचा पुडा होता. म्हणाली, "आजारानं पोर अशक्त झाली असेल, हे मऊ आहेत, दुधात बुडवून द्या." मी पाणी द्यायचंसुद्धा विसरले. मग तिनं ठकीला जवळ बोलावलं, हनुवटी धरून तोंड उजेडात वळवलं आणि म्हणाली, "एकही डाग राहिला नाही. नशिबाची आहेस गं." काडीचं मी विचारलं, तर म्हणाली, "रोगाला काय कळतं शर्यत कधी आहे ते? कुणाला बोल लावायचा?"

ती गेल्यावर ठकीनं पावाला हात लावला नाही. संध्याकाळी मला विचारलं, "आई, आपण तिला सांगायचं नाही का?" मी म्हटलं, अभ्यास कर.

हे आता बसच्या गॅरेजमध्येच जेवतात. घरी झोपण्यापुरते येतात. माझ्या तोंडावर खोटं बोलणारा माणूस, असं मी परवा त्यांना म्हणाले. त्यांनी चप्पल घातली आणि निघून गेले. बारा वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. बोलले ते खरंच होतं, मग मला एवढं वाईट का वाटतंय?

वहिनी


१८ ऑक्टोबर

वहिनी,

तू बोललीस ते खरं नव्हतं. फोन आला होता. मी घेतला होता.

काउंटरवाल्यावर ढकललं तेही खोटं. तो त्या आठवड्यात गावी गेला होता. गिऱ्हाईकच नसतं तर काउंटरवर कोण बसेल? फोन वाजला, मी चादरी घेऊन जिन्यातच होते. ठोंब्या होता. लाइनीत खरखर होती, हॉटेलातली कुणी बाई समजून बोलत होता, मीही ओळख दिली नाही. त्यानं सगळं नीट सांगितलं. काडीचं, शुक्रवारचं, उद्याच निघायचं. तुझ्या नवऱ्याचा आवाज रडवेला होता. मी म्हटलं, हो हो, सांगते. असं तोंडानं म्हटलं आणि फोन ठेवला.

वर आले तर तुम्ही दोघी पलंगावर उड्या मारत होतात. ठकी ओरडत होती, "आत्या, हा पलंग नापास!" मी दारात उभी राहिले. मनात म्हटलं, जेवण झाल्यावर सांगू. जेवताना ठकीनं माझ्या ताटात हात घातला, माझ्या ताटात आजवर कुणाचा हात गेलेला नाही. म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी तू म्हणालीस, "ताई, मला इथून जावंसंच वाटत नाही," आणि मी मुद्दाम तुम्हाला बंदरावर घेऊन गेले. तिथे बसून बघितलं, तुमच्या गावाची गाडी पुलावरून गेली. मला ठाऊक होतं ती कुठली गाडी. तुला मी म्हटलं होतं, बघ किती मोठं जहाज.

मी म्हटलं, कुणाची कोण ती काडी. मी तिला बघितलेलीसुद्धा नाही. वर्षातला एक आठवडा मला मिळतो, तो मी का द्यायचा? असं मनात आलं, वहिनी. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. एकटी होते म्हणून केलं असं म्हटलं की पाप धुऊन निघतं का? मी धुलाईवाली आहे, मला माहीत आहे कुठला डाग निघत नाही.

तू एक ऑक्टोबरला सरळ विचारलं होतंस. तेव्हाही मी तुम्हा दोघांना एकमेकांच्या अंगावर जाऊ दिलं. त्याचे कान खोटं बोलताना लाल होतात तसे, खरं बोलून कुणी विश्वास ठेवला नाही की त्याहून लाल होतात. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलंय, मला ठाऊक नसेल तर कुणाला? तरी मी तुला लिहिलं नाही.

हे पत्र त्याला वाचून दाखव. सगळं. गाळू नको. आणि शाळेत सांगायचं असेल तर सांगा, नणंदेनं शिकवलं आणि आम्हाला काही कळलं नाही. मी मोठ्या बाईंना तसं लिहून देते, अंगठा मारून देते, काय हवं ते.

ताई


२७ ऑक्टोबर

ताई,

पत्र ह्यांना दिलं. वाचून दाखवलं नाही, माझ्याच्यानं झालं नसतं. त्यांनी वाचलं आणि घडी केली. मग म्हणाले, "तिनं सगळं लिहिलं हेही तिच्या मानानं खूप झालं." मी त्यांच्यासारखी नाही. मला ते खूप वाटत नाही.

"आम्हाला काही कळलं नाही" असं लिहून द्यायचं म्हणता. म्हणजे पुन्हा एक खोटी चिठ्ठीच. ती नको. चिठ्ठी माझ्या हातची होती. फोड बघितले, असं ह्यांनी तोंडानं सांगितलं होतं. आम्ही दोघं ठकीला घेऊन मोठ्या बाईंकडे गेलो आणि झालं तसं सांगितलं. बाईंनी पहिल्यांदा ठकीकडे बघून विचारलं, "म्हणजे तू बरीच होतीस?" ठकी हो म्हणाली आणि तिथेच रडायला लागली.

ह्यांच्याकडून बस काढून घेतली. काढूनच टाकणार होते, पण इतक्या वर्षांत एक ओरखडा नाही म्हणून गॅरेजमध्ये बस धुवायला ठेवलं आहे. "धुण्याचं काम आमच्या घराण्यातच आहे," असं मला म्हणाले आणि हसले. मी तिकडे तोंड फिरवलं.

मोठ्या बाईंनी त्या निवासी शाळेला सगळं कळवलं. ते लोक समजूतदार निघाले. काडीला बोलावून एकटीलाच पळवलं आणि घड्याळ बघितलं. निवडलेल्या मुलींपैकी निम्म्या तिच्या मागे पडतात, म्हणाले. पण जागा भरल्या आहेत, खाटा तेवढ्याच. तिचं नाव राखीव यादीत पहिलं आहे. वर्षअखेरपर्यंत एखादी मुलगी सोडून गेली तर काडी जाईल. नाही गेली तर नाही.

काडीनं बाक बदलला. ठकी तिची जागा रिकामी ठेवून बसते.

तुम्ही इकडे येऊ नका. मी लिहीन, पण इतक्यात नाही.

वहिनी


९ नोव्हेंबर

वहिनी,

येऊ नको म्हणालीस, तरी मी आले होते. तुझ्याकडे आले नाही. काडीच्या आईकडे बेकरीत गेले. मालकाला म्हटलं, दांडी मारते, पगार काप. मागच्या दारानं उभी राहिले, ती भट्टीतून पावांचे पत्रे ओढत होती. मी म्हटलं, मी ठकीची आत्या, कांजिण्या मीच सुचवल्या आणि फोनवरचा निरोपही मीच दाबला. तिनं पत्रा खाली ठेवला नाही. गरम होता, तरी.

म्हणाली, "तुम्ही सांगितलंत. तुमच्या डोक्यावरचं उतरलं. माझ्या डोक्यावरचं मी कुणाच्या दारात उतरवू?"

मला उत्तर आलं नाही. मला, वहिनी! तुला ठाऊक आहे, मी देवालासुद्धा उलटून बोलते. मी म्हटलं, मला शिव्या तरी घाला. तर म्हणाली, "माझ्याकडे वेळ नाही, दुसरी भट्टी लावायची आहे." मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. मग कुणीतरी म्हणालं, बाई, बाजूला व्हा, वाटेत आहात. तशी निघाले.

परत जाताना मैदानाच्या कडेनं गेले. एक बारीक पोर पळत होती, एकटीच. तीच असेल. ती मला ओळखत नाही, म्हणून मी बिनधास्त बघत राहिले. अगं, ती पळते तेव्हा पाय दिसत नाहीत. वळणावर आली की मान अशी खाली घालते, जसं काही समोर दार आहे आणि ते डोक्यानं उघडायचं आहे. मी ह्या पोरीला "कुणाची कोण" म्हटलं होतं.

आता जे लिहिते ते ठोंब्याला दाखवू नको.

यादीत तिचं नाव पहिलं आहे. म्हणजे तिथली एखादी पोर गळाली पाहिजे. रोज सकाळी मशीन सुरू करायच्या आधी मी हात जोडते आणि मागते, एखादीला आईची आठवण येऊ दे, रडून रडून घरी परत जाऊ दे. आठवणीनं कुणी मरत नाही, म्हणून आधी तेवढंच मागत होते. गेल्या आठवड्यात मागितलं, एखादीचा पाय मुरगळू दे. काल पाय मोडू दे म्हणाले. जोरानं म्हणाले, मशीन चालू होतं म्हणून कुणी ऐकलं नाही. आणि मग कळलं मी काय मागतेय. ती पोर कुणाची कोण, तिलाही मी बघितलेलं नाही. मी तिथेच उभी आहे, फोन हातात धरून, तसं वाटलं.

तरी आज सकाळी पुन्हा मागितलं. काय करू? त्याशिवाय दुसरी वाट नाही.

तूही मागतेस का, वहिनी? मागत नसशील तर मला फाडफाड बोल, चार पानं लिही, मला ती हवी आहेत. मागत असशील तर लिहू नको. मी समजेन.

ताई